‘वर आले का?’ – साऊथ डकोटातला फेब्रुवारी

जायचं होतं बॅडलँड्स नॅशनल पार्कला आणि राहिलो एका तळघरात, दोन दिवस. फेब्रुवारीतल्या लाँग वीकेंडला सू फॉल्सहून निघालो तेव्हा बायको म्हणालीच होती की अशा थंडीत फिरायला कोण जातं, पण हिवाळ्यात तिथं गर्दी नसते हे डोक्यात बसलेलं. आय-९० हा रस्ता रॅपिड सिटीपर्यंत साधारण साडेपाचशे किलोमीटर जवळपास सरळ रेषेत जातो, मध्ये चेंबरलेनला मिसूरी नदी ओलांडायची, पुढे मर्डोच्या आसपास घड्याळ एक तास मागं घ्यायचं, बाकी सगळं पांढरं. वारा सुटला की जमिनीवरचाच बर्फ उडायला लागतो आणि मग हायवेला चक्क गेट आहे, रेल्वे फाटकासारखं, ते खाली पडतं. आमच्यासमोर पडलं. ऑफिसातल्या एका मित्राचे आईवडील वॉल नावाच्या गावाजवळ राहतात, त्याला फोन केला तर म्हणाला हॉटेल कशाला, घरी जा, मी सांगतो त्यांना.

त्याच्या वडिलांना मी मनातल्या मनात आजोबाच म्हणत होतो, समोर मात्र इथल्या पद्धतीनं नावानं हाक मारायची, ते अजूनही जिभेवर येत नाही. बाहेर उणे १९ फॅरनहाइट, म्हणजे आपलं उणे २८. आजींनी सूप दिलं आणि आजोबा म्हणाले चल खाली, दाखवतो काय चाललंय ते.

खाली कारखानाच होता. भिंतीला लागून एक टेबल, त्याला लोखंडी प्रेस बोल्टनं आवळलेला, शेजारी छोटा काटा, कॅलिपर, आणि एका कोपऱ्यात मशीन घर्रर्र करत फिरतंय. मला वाटलं चटणी वाटतायत की काय! त्यात मागच्या शिकारीच्या सीझनची वापरलेली रायफलची रिकामी पितळी काडतुसं होती, घरीच परत भरण्यासाठी, मक्याचे दाणे काढून बुरकुंडा उरतो ना त्याच्या भरड्यात टाकून घोळवत ठेवलेली, म्हणजे घासून चकचकीत होतात. मग एकेक काडतूस प्रेसमध्ये घालून जुना प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) काढायचा, आकार परत नीट करायचा, लांबी मोजायची, जास्त झाली तर कातरायची, नवा प्रायमर बसवायचा, पावडर म्हणजे बंदुकीची दारू ग्रेन या बारीक मापात तोलून ओतायची आणि वर बुलेट दाबायची. बुलेट ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅम. एका वेळी एकच. मी पाहत होतो तेवढ्यात पावडरचा एक कण काट्याच्या पलड्याला चिकटून राहिला तर आजोबांनी फुंकर न मारता (मी मारणार होतो!) चिमट्यानं तो उचलला आणि परत तोललं. पन्नास-पन्नासचे प्लॅस्टिकचे डबे फळीवर रांगेत लावलेले, प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख. सगळ्या तारखा डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीच्या. थंडी घालवायची ही त्यांची रीत.

हे सगळं कशासाठी, तर प्रेअरी डॉग. नावात डॉग आहे पण आहे तो खारीच्या जातीचा, मोठ्या घुशीएवढा, जमिनीत बिळं करून वसाहतीनं राहणारा, दोन पायांवर उभा राहून कुत्र्यासारखा ओरडतो म्हणून डॉग. रँचवाल्यांच्या लेखी तो उपद्रवी, गुरांचं गवत खातो. अशा प्राण्यांना इथं व्हार्मिंट म्हणतात आणि लांबून रायफलनं ते टिपणाऱ्यांची एक वेगळीच जमात आहे. जूनमध्ये पिल्लं बाहेर आलेली असतात, वसाहत गजबजलेली, तेव्हा हे लोक फिरत्या बैठकीचं टेबल घेऊन माळावर बसतात, एक जण नेम धरतो, दुसरा दुर्बिणीतून चुकलं कुठं ते सांगतो, नळी तापली की दुसरी रायफल घ्यायची. खरा खेळ वाऱ्याशी आहे. तीनशे यार्डांवर साधा वारासुद्धा एवढुशी बुलेट वीतभर सरकवतो आणि समोरचा प्रेअरी डॉग उभा राहिला तरी उंच फूटभरच.

संध्याकाळी शेजारचा दाढीवाला बर्फातून ट्रॅक्टरवर बसून आला, ट्रॅक्टरवर! आला तो सरळ तळघरात, आणि आल्याआल्या फोन लावला मोंटानातल्या कुठल्या तरी नातेवाईकाला. एकच प्रश्न. ‘वर आले का?’ तिकडं दुसरी एक खार असते, हे लोक तिला गोफर म्हणतात, ती मात्र खरोखर शीतनिद्रा घेते आणि नर मार्चच्या सुमारास बाहेर येतात, म्हणजे या मंडळींचा सीझन तिथं आधी उघडतो. अजून नाही, असं उत्तर आलं. दाढीवाल्यानं फोन ठेवला आणि जणू घरात कुणी आजारी आहे अशा चेहऱ्यानं कॉफी ओतून घेतली. मग पेनसिल्व्हेनियातल्या ग्राउंडहॉगचा (हाही खारीच्याच कुळातला, बिळात राहणारा) विषय निघाला, तो २ फेब्रुवारीला बाहेर येऊन वसंत लवकर येणार की नाही ते सांगतो, १८८७ पासून तिथं समारंभच होतो. आणि पूर्वेकडे हाच ग्राउंडहॉग व्हार्मिंटवाल्यांचं मुख्य लक्ष्य! ज्याला मुहूर्त विचारायचा त्यालाच टिपायचं, असा भटजी कुणाच्या वाट्याला येऊ नये.

मला यात मजा वाटत नाही, हे मी त्यांना सांगितलं. जवळच कोनाटा बेसिनमध्ये काळ्या पायांचा फेरेट, मुंगसासारखा दिसणारा प्राणी, राहतो, तो जवळजवळ फक्त प्रेअरी डॉगवर जगतो, नामशेषच झाला असं धरलं होतं आणि १९८१ मध्ये वायोमिंगमध्ये मीटीट्सीजवळ एका रँचवरच्या कुत्र्यानं एक मारून घरी आणला तेव्हा कळलं की अजून आहेत. २००८ मध्ये कोनाटात प्लेग आला, त्यात वसाहतीच्या वसाहती गेल्या. शिवाय मेलेल्या प्राण्यातलं शिसं गरुडांच्या पोटात जातं ते वेगळंच. आजोबांनी ऐकून घेतलं. म्हणाले त्या बाजूला आम्ही जात नाही, पण माझ्या कुरणात गवत उरत नाही तेव्हा फेरेटवाले येत नाहीत. यावर मी काय बोलणार? आमच्याकडे यवतमाळला हरभरा उभा असला की बाबा अजून माचीवर जागलीला जातात, रोही म्हणजे नीलगायी आणि रानडुकरं रात्रीत अर्धं वावर लोळवतात. रात्री फोनवर बाबांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, ‘तुह्या तिकडं बरं हाये बा, आमच्या इथं रोह्याले हात लावाले कागद पायजे.’ आणि मग विचारलं, जेवला का. आजी तोवर वर टेबलाशी बियाण्यांच्या कॅटलॉगमध्ये टोमॅटोवर खुणा करत बसल्या होत्या. म्हणजे वाट सगळेच बघत होते, फक्त कशाची ते वेगळं.

तिसऱ्या दिवशी वारा फिरला. ब्लॅक हिल्सच्या बाजूनं कोरडा गरम वारा येतो, शिनूक म्हणतात त्याला. स्पिअरफिशला १९४३ च्या जानेवारीत दोन मिनिटांत तापमान उणे ४ वरून ४५ फॅरनहाइटवर गेलं होतं, तो जागतिक विक्रम आहे, आणि आजोबांनी तो मला तीनदा सांगितला. आमच्या वाट्याला एवढं काही नाही आलं पण दुपारपर्यंत छपरावरून पाणी गळायला लागलं, हायवेचं गेटही उघडलं. निघण्याआधी आजोबांनी मला पिकअपमध्ये बसवून कुरणाच्या टोकाला नेलं. इथले काळ्या शेपटीचे प्रेअरी डॉग हिवाळाभर पूर्ण झोपत नाहीत, ऊन पडलं की डोकावतात. रायफल घेतली नाही का, विचारलं. ‘दोन-चारांसाठी कोण घेतं’ म्हणाले. इंजिन बंद केलं, काच खाली केली, थंडी आत आली.

बर्फातून मातीचे ढिगारे वर आलेले. एका ढिगाऱ्यावर एक, मग शेजारी दुसरा, पोट उन्हाकडे करून बसलेले, आंघोळीनंतर ओट्यावर म्हातारे बसतात ना तसे. तिसरा जरा लांब, त्यानं मान मागं टाकून अख्खं अंग उडवत एक ओरडा दिला. आजोबांनी दुर्बीण खाली न ठेवताच एका हातानं फोन लावला.

‘तीन’ म्हणाले. पलीकडून दाढीवाल्यानं काही तरी विचारलं.

‘नाही रे, विहिरीकडच्या नाही. कुंपणाकडच्या ढिगाऱ्यावर.’