फायनलची चढाई आणि पाच सेकंदांचा टाइमआउट

पुण्यात आमची छोटी टीम आहे, लाइव्ह व्हिडिओ दाखवायचं काम करतो. गेल्या हिवाळ्यात एका कबड्डी स्पर्धेची फायनल आमच्याकडे होती. सर्व्हरचं बिल झेपत नव्हतं म्हणून पीअर टू पीअर चालू केलेलं, म्हणजे बघणारे लोकच (हेच पीअर) वेबआरटीसी या ब्राउझरमधल्या थेट जोडणीच्या सोयीवरून एकमेकांना व्हिडिओचे तुकडे देतात. ऑफिसच्या वायफायवर टेस्टिंग एकदम मस्त झालं होतं.

उत्तरार्ध सुरू झाला आणि सांगलीहून आईचा फोन, "अरे, तुझी मॅच नुसती गोल गोल फिरायलीय, पोरगं चढाईला गेलं ते तिकडंच अडकलंय." चढाई असते 30 सेकंदांची, त्यातले सात-आठ सेकंद गेले तर बघायचं काय? पोटात गोळाच आला. आणि डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार, कारण पीअरकडून किती डेटा आला तेवढंच आम्ही मोजत होतो, चित्र किती वेळ थांबलं ते कुणी मोजतच नव्हतं.

आईला म्हटलं मोबाईल तसाच राहू दे, आणि तिच्या सेशनचा लॉग उघडला. 4 सेकंदांचा सेगमेंट, म्हणजे व्हिडिओचा एक तुकडा, एका पीअरकडे मागितलेला, बफरमध्ये, म्हणजे आधीच येऊन साठलेला व्हिडिओ, शिल्लक 3.1 सेकंद, आणि आमचा टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, 5 सेकंद! तो पीअर गप्प बसला की मग दुसऱ्याकडे, परत 5 सेकंद. वर अर्धा आलेला तुकडा फेकून द्यायचा आणि शेवटी सर्व्हरकडून पहिल्यापासून मागायचा.

टॉरेंटमध्ये, म्हणजे लोक एकमेकांकडून फाइल तुकड्यातुकड्यांनी डाउनलोड करतात तिथं, घाई नसते, जो तुकडा कमी लोकांकडे आहे तो आधी घेतला तरी चालतं. लाइव्हला सगळ्यांना एकच ताजा तुकडा एकाच वेळी हवा असतो आणि तो फार थोड्यांकडे असतो. त्यात मोबाईल नेटवर कितीतरी लोक एकाच पब्लिक आयपीमागे, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यामागे (ही पत्ता बदलून देण्याची सोय म्हणजे नॅट), दोन्ही बाजूंना सिमेट्रिक नॅट, म्हणजे समोरचा बदलला की बाहेरचा पत्ता-पोर्टही बदलणारं नॅट, असलं की थेट कनेक्शन बहुतेक लागतच नाही, मधे बसून डेटा इकडून तिकडे पोचवणाऱ्या टर्न सर्व्हरमधून फिरवावं लागतं, आणि तो सर्व्हरपण आमचाच, मग बचत कसली?

मॅच चालू असतानाच कॉन्फिग बदललं, बफर 8 सेकंदांच्या खाली गेला की पीअरला विचारायचंच नाही, सरळ सर्व्हर. त्या संध्याकाळी बिल चढलं, चढू दे म्हटलं, मॅच बघायला बसलेल्या माणसाला आमच्या बिलाशी काय घेणं. दोन-तीन मिनिटांत आई म्हणाली, "हां, हललं बघ आता. पण ते पोरगं परत आलं का पकडलं?" मलाही माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात रेंज रिक्वेस्ट घातली, पीअरकडून अर्धा तुकडा आला असेल तर उरलेले बाइट्सच सर्व्हरकडून घ्यायचे. मोबाईल डेटावर असणाऱ्यांकडून अपलोड बंद केलं, लोकांचा डेटा आपण का जाळायचा. आणि डॅशबोर्डवर आता पहिला आकडा चित्र थांबल्याचा आहे, बचतीचा त्याच्या खाली.