श्रवणापासून एक मूठ पश्चिमेला

दिवाळीनंतर आकाश निवळलं की आमच्या आकाशदर्शनाला गर्दी होते आणि दर वेळी कुणीतरी विचारतंच, "सर, कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही ना? मग तिथून गॅमा किरण कसे येतात?" मागे रांग खोळंबलेली असते, त्यामुळे उत्तर अर्धवटच राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सवडीने सांगतो.

आधी पश्चिमेकडे बघा. गरुडातला तो ठळक तारा म्हणजे श्रवण. हात लांब करून मूठ वळा; श्रवणापासून साधारण एक मूठ पश्चिमेला एसएस 433 आहे. आपल्या दुर्बिणीतून ते दिसायचं नाही, तरी मी बोट तिथे दाखवतोच. अंतर सुमारे 18,000 प्रकाशवर्षं. तिथे एक मोठा तारा आणि त्याचा एक लहानसा पण भलता जड सोबती 13 दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात. हा सोबती कृष्णविवर असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ताऱ्याचा वायू त्याच्याकडे ओढला जातो, भोवती तबकडी होऊन गरगरतो आणि त्यातला काही आत पडण्याआधीच दोन विरुद्ध दिशांना झोतांच्या रूपात फेकला जातो. वेग प्रकाशाच्या 26 टक्के, म्हणजे सेकंदाला 78,000 किलोमीटर! झोत भोवऱ्यासारखे डुलतातही. एक घेर पुरा व्हायला 162 दिवस लागतात.

म्हणजे विवराच्या आतून काहीच येत नाही. येतं ते उंबऱ्यावरून माघारी फिरलेलं.

पण मला खरं वेड लावलं ते पुढच्या भागाने. 2018 मध्ये मेक्सिकोतल्या हॉक वेधशाळेने इथून आलेले 25 टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरातले गॅमा किरण टिपले. (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे ऊर्जेचं एकक, टेरा म्हणजे एक लाख कोटी.) डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा एक कण दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो. हे किरण त्याच्या सुमारे दहा लाख कोटी पट ऊर्जेचे. आणि ते येत होते विवरापासून दूर, दोन्ही बाजूंच्या झोतांच्या वाटेवरून. 2024 मध्ये नामिबियातल्या हेस दुर्बिणींचे निष्कर्ष आले आणि जागा पक्की झाली. सर्वांत जास्त ऊर्जेचे किरण विवरापासून 80-90 प्रकाशवर्षांवर निघतात, कमी ऊर्जेचे त्याच्याही पुढे. म्हणजे झोतातल्या इलेक्ट्रॉनसारख्या कणांना बळ मिळतं ते त्या 80-90 प्रकाशवर्षांवरच्या जागी; पुढच्या प्रवासात ते खर्ची पडत जातं.

तिथे घडतं काय? घरी गेल्यावर नळाखाली ताट उपडं धरून बघा. धार पडते तिथून पाणी पातळ होऊन सुसाट पसरतं आणि ठरावीक अंतरावर एकदम जाड कडं उठतं. कड्याच्या पलीकडे पाणी संथ. झोतातही अशी सीमा तयार होते, तिला आघात-तरंग म्हणतात. चुंबकीय क्षेत्रांमुळे इलेक्ट्रॉन या सीमेच्या अल्याड-पल्याड पुन्हा पुन्हा ढकलला जातो आणि दर खेपेला थोडी ऊर्जा कमावतो. अगदी थेंबे थेंबे तळे! हाच इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळताना क्ष-किरण सोडतो. आणि विश्वात सगळीकडे भरून राहिलेल्या सूक्ष्मलहरींचा एखादा मलूल प्रकाशकण त्याच्या वाटेत आला, की विटीला टोला बसावा तसा तो उडतो. तो उडालेला कण म्हणजेच आपल्याकडे येणारा गॅमा किरण.

झोताचा वेग वाटेत तोच राहतो असं धरलं, तरी विवरापासून त्या सीमेपर्यंत पोचायला वायूला तीनशेच्या वर वर्षं लागतात. त्यामुळे हल्ली मी बोट दाखवतो तेव्हा विवरावर थांबत नाही, त्याच्या दोन्ही अंगांच्या त्या दोन जागा दाखवतो. आकाशात त्यांच्यातलं अंतर पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त भरतं. हात लांब करून करंगळी धरली तर दोन्ही तिच्याआड मावतात.