पुढच्या मीटिंगला बघू

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज वाचनालयाची कमिटी मीटिंग. साडेपाचची वेळ म्हणून मी धावतपळत दांडिया बाजारात पोचले, सेवउसळ पण नाही खाल्ली, आणि बघते तर कोरमला दोन जण कमी. मग वाट बघणं, मग चहा, मग मागच्या सभेचं इतिवृत्त वाचन अर्धा तास (त्यात मागच्या वेळचा चहा सुद्धा नोंदवलेला असतो, शप्पथ).

विषय क्रमांक चार माझा. पुस्तकं कॉम्प्युटरवर घेणे आणि कपाटं उघडी ठेवणे. दीड वर्ष झालं हा विषय चार नंबरवरच आहे. आमच्याकडे अजून चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून द्यायचं, मग काका किल्ल्यांचा जुडगा काढणार, कुलूप उघडणार, पुस्तक देणार की परत कुलूप. चाळायलाच मिळत नाही तर नवीन पोरं येतील कशाला? तर अध्यक्ष म्हणे, अगं चोरीला जातात. किती गेली? चाळीस वर्षांपूर्वी एक. पुस्तकाचं नाव पाठ आहे त्यांना, नेणाऱ्याचंही.

मग मला राहवेना. भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून म्हटलं, ह्या सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डनसाहेब नावाचे लायब्ररियन बोलावले, लायब्ररीचं वेगळं खातं काढलं, पेट्या भरभरून पुस्तकं खेडोपाडी पाठवली आणि आपण त्यांच्याच बडोद्यात कुलपं सांभाळत बसलोय. सगळे गप्प. खजिनदार काकू शांतपणे म्हणाल्या, "महाराज होते गं ते, त्यांना कमिटी नव्हती."

हसले मी पण, काय करणार. विषय चार, पुढच्या मीटिंगला बघू.

चिडचीड खूप होते पण पूर्ण चिडताही येत नाही हा वैताग. २०१९च्या जुलैत एका दिवसात वीसेक इंच पाऊस झाला तेव्हा ह्याच किल्ल्यांवाल्या काकांनी पासष्टी उलटलेली असताना गुडघाभर पाण्यात उभं राहून खालच्या खणातली पुस्तकं वर चढवली होती, आणि मी घरी बसून विश्वामित्री नदीचे व्हिडिओ फॉरवर्ड करत होते.

निघताना काकांनी थांबवलं, देवघेवीचं रजिस्टर उघडलं. एका आजींच्या नावापुढे बारीक अक्षरात, "मोतीबिंदू झाला, मोठा टाइप द्यावा". खाली कुणाच्या तरी पुढे, "दिवाळी अंक आधी ह्यांना, मिस्टर गेले ह्या साली". काका म्हणाले, "तुझ्या त्या कॉम्प्युटरात शेरा कुठे लिहायचा?"

मला पटकन उत्तर नाही सुचलं. आत्ता जेवून एक्सेलमधे एक कॉलम वाढवलाय, चांगला रुंद. दाखवला की म्हणतील अक्षर कुणाचं ते कळत नाही ह्यात.