पाटी एका ट्रकची, फ्रेम दुसऱ्याची

जुनी लष्करी वाहनं घेऊ पाहणाऱ्यांना ती तपासून देणं हे माझं काम. या कामात माझा सगळ्यात जीव आहे तो जीएमसी या अमेरिकन कंपनीच्या सीसीकेडब्ल्यू ट्रकवर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बनवलेला हा अडीच टनी ट्रक. तिन्ही अ‍ॅक्सलना इंजिनची ताकद मिळते. असे पाच लाखांहून जास्त ट्रक तयार झाले. १९४४ मध्ये फ्रान्समधून पुढे सरकणाऱ्या फौजांना पेट्रोल आणि दारूगोळा पुरवणाऱ्या ‘रेड बॉल एक्सप्रेस’ या ट्रक-ताफ्याची मदार मोठ्या प्रमाणात याच ट्रकवर होती, आणि तिथले बहुतेक चालक कृष्णवर्णीय सैनिक होते. म्हणूनच असा प्रत्येक ट्रक नीट ओळखला जावा, असं मला मनापासून वाटतं.

त्या दिवशीचा ट्रक ३५३ म्हणून विकायला होता, म्हणजे लांब चॅसिसचा (चॅसिस म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, त्यालाच फ्रेम म्हणतात). डॅशबोर्डवरच्या पितळी पाटीवर तसं कोरलेलं होतं आणि कागदपत्रांवर त्याच पाटीचा नंबर होता. घेणाऱ्यांना १२ फुटी हौदा हवा होता, त्यामुळे ते खुशीत होते.

मला मात्र लांबूनच खटकलं. केबिनच्या मागे दोन स्टेपन्या उभ्या होत्या आणि पेट्रोलची टाकीही तिथेच आडवी बसवलेली होती. ३५३ मध्ये टाकी चॅसिसच्या बाजूला असते आणि स्टेपनी हौद्याखाली. मी टेप काढला. पुढच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापासून मागच्या दोन अ‍ॅक्सलच्या बरोबर मधल्या बिंदूपर्यंत माप घ्यायचं. अनेकजण मागच्या पहिल्याच अ‍ॅक्सलपर्यंत मोजतात आणि फसतात. माप आलं १४५ इंच. ३५३ असता तर १६४ यायला हवं होतं.

“चॅसिस कापून आखूड केली असेल का?” घेणाऱ्यांनी विचारलं. शंका रास्त होती. मी खाली शिरलो आणि फ्रेमच्या दोन्ही बाजूंवरून टॉर्च मारत, बोटं फिरवत शेवटपर्यंत गेलो. कुठे वेल्डिंगची रेघ नाही, वरून ठोकलेली पट्टी नाही, आडव्या पट्ट्यांचे रिव्हेट मूळचेच. तिन्ही अ‍ॅक्सल ‘बँजो’ जातीचे, गोल पोटाचे. अ‍ॅक्सलना ताकद वाटून देणारी पेटी, म्हणजे ट्रान्सफर केसही त्यांच्याशीच जुळणारी. या ट्रकला टिमकेन कंपनीचे ‘स्प्लिट’ जातीचे अ‍ॅक्सलही येत, आणि दोन्ही जातींची सरमिसळ झालेली गाडी दिसली की मी सावध होतो. इथे खालचं सगळं एकमेकांना धरून होतं. म्हणजे कापाकापी नाही. गाडी जन्मापासूनच आखूड.

मग राहिला फ्रेमवर ठोकलेला नंबर. तो रंगाच्या थरांखाली पार बुजला होता. मालकांचा मुलगा ग्राइंडर घेऊन आला, त्याला मी थांबवलं. ग्राइंडरने रंगाबरोबर लोखंडही जातं, आणि ठोकलेली अक्षरं मुळात फार खोल नसतात. एकदा घासली गेली की गाडीची ओळख कायमची गेली. रंग काढायचं द्रावण लावायचं, वाट बघायची, लाकडाच्या पट्टीने खरवडायचं, पुन्हा लावायचं. वरचा हिरवा गेला, मग वाळूसारखा पिवळट, मग पुन्हा हिरवा. उघड्या पडलेल्या लोखंडावर खडू आडवा घासून वरवर पुसला, तेव्हा खाचांमध्ये पांढरी अक्षरं उभी राहिली. सीसीकेडब्ल्यू, मग ३५२, म्हणजे आखूड चॅसिसचं मॉडेल, आणि पुढे पाटीवरच्या नंबराशी मुळीच न जुळणारे आकडे.

विकणारे काका खचले. “मी घेतली तेव्हा अशीच होती हो,” ते म्हणाले, आणि माझा त्यांच्यावर विश्वास बसला. युद्धानंतर हे ट्रक अनेक देशांच्या सैन्यांत वर्षानुवर्षं राबले, वर्कशॉपमध्ये पुन्हा पुन्हा खोलले-जोडले गेले. दोन्ही चॅसिसवर तीच केबिन बसते. केबिन बदलली की डॅशबोर्ड आला, आणि डॅशबोर्डबरोबर पाटी. यात कुणी लबाडी केलीच असेल असं नाही. बोनेटवर पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासल्यावर ४ ने सुरू होणारा जुना पांढरा लष्करी नंबर दिसला. अमेरिकी सैन्यात अडीच टनी ट्रकच्या नंबरांची सुरुवात ४ नेच होत असे. घेणारे लगेच हरखले. पण बोनेटही दुसऱ्या गाडीवरून सहज येऊ शकतं, त्यामुळे मी तो नंबर अहवालात फक्त ‘आढळला’ एवढाच नोंदवला.

माझा सल्ला सरळ होता: कागदांवर फ्रेमचा नंबर येईपर्यंत एक पैसाही द्यायचा नाही. काकांनी ते लगेच मान्य केलं. हौदा मात्र ९ फुटीच राहणार होता. मी सांगितलं की आखूड चॅसिसचे हे ट्रक मुख्यतः तोफा ओढायला वापरत. घेणारे गाडीभोवती पुन्हा एक फेरी मारून आले आणि म्हणाले, “मग हीच घेतो. पण विक्रीच्या कागदावर ३५२ असं स्वच्छ लिहा.” काकांनी तसं लिहून दिलं. दुरुस्त कागद हाती आल्यावर व्यवहार पुरा झाला. पाटी घेणाऱ्यांनी डॅशबोर्डवरून काढून, ती कुठून आली असावी याच्या टिपणासह, फाइलमध्ये ठेवली आहे.