नऊ दिवस गोडाऊनमध्ये पडलेला माझा इसराज

वाद्य निवडायला मला तीन महिने लागले, त्याचं काही नाही, पण निवडलेलं वाद्य, म्हणजे व्हायोलिनसारखं गजाने वाजवायचं तंतुवाद्य इसराज, आपल्याच गावात येऊन नऊ दिवस पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिलं त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

हार्मोनियम मी वीसेक वर्षं वाजवतेय. पण तिच्यावर मींड येत नाही, सूर एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी मारतो, आणि मला गळ्यासारखं सलग काहीतरी हवं होतं. शिवाय आम्ही जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये राहतो, भिंतीपलीकडे दहावीचा मुलगा, त्यामुळे आवाज मवाळच पाहिजे. सगळे म्हणाले सोलापुरात राहतेस मग सुंदरी का नाही? सुंदरीबद्दल मला फार आदर आहे, सनईची ती धाकटी बहीण इथल्याच जाधव घराण्याने कुठल्या कुठे नेली, पण ते फुंकायचं वाद्य आणि मला दमा. सारंगीला पडदेच नसतात, नखाच्या मुळाशी तार दाबायची, पंचेचाळिशीत ते धाडस झालं नाही.

मग सांगोल्यावरून मिरजेला गेलो. तिथल्या तानपुऱ्यांचे भोपळे आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने जातात हे तिथे ऐकलं आणि उगाच छाती फुगली (मिरजेच्या सितार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपल्या मातीचाही वाटा आहेच की). तिथे दिलरुबा हातात घेतला. पोट मोठं, चौकोनी, आवाज भरदार. इसराज त्याचा सख्खा भाऊ, पण पोट लहान, कमरेत निमुळतं, आणि आवाज कुणीतरी ओठ मिटून गुणगुणावं तसा. दोन्हीला सतारीसारखे पडदे, त्यामुळे बोटाला जागा सापडते, आणि वाजवायचं मात्र गजाने, म्हणजे सूर तुटत नाही. शांतिनिकेतनात रवींद्रसंगीताच्या साथीला इसराज असतो तो उगाच नाही. मिरजेत मी गेले तेव्हा तयार इसराज नव्हता, म्हणून कोलकात्याच्या एका कारागिराकडे व्हिडिओ कॉलवर बघून ठरवला. तून नावाच्या झाडाच्या लाकडाचा, पंधरा तरफेच्या तारा (न छेडता आपोआप गुंजणाऱ्या), चोवीस हजार. तिथपर्यंत सगळं छान.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ट्रान्सपोर्टचा मेसेज आला, माल सोलापूर गोडाऊनला पोचला. मी हाफ डे टाकून रिक्षा करून गेले. काउंटरवरचा माणूस बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालाची पावती) बघून म्हणाला, "मॅडम, बिलावर जीएसटी नंबर नाही, माल सोडता येत नाही बघा." मी म्हटलं हाताने बनवलेल्या देशी वाद्यांना जीएसटी शून्य आहे, कारागिराचं साधं बिल आहे. तर म्हणे, "सिस्टीमला वुडन फर्निचर पडलंय की." कोलकात्याच्या बुकिंगवाल्याने लांबडं लाकडी खोकं बघितलं आणि फर्निचर लिहून मोकळा झाला! आता फर्निचर म्हटल्यावर टॅक्सचं बिल पाहिजे. वर ई-वे बिलही मागितलं, जे पन्नास हजारांच्या वरच्या मालाला लागतं, हे मीच त्याला मोबाईलवर दाखवलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर बदललं, करेक्शन बुकिंग ब्रँचने करायचं. कोलकात्याला फोन लावला तर ते म्हणाले डिलिव्हरी ब्रँचने मेल टाकायचा. इथे सांगितलं तर "आम्हाला तो अधिकार नाही, पुण्याला विचारावं लागतंय". पुण्याचा फोन उचलला जाईना. मग शनिवार, रविवार, मग महाराष्ट्र दिन. रोज "उद्या या की".

आणि बाहेर त्रेचाळीस डिग्री. माझा जीव खोक्यात अडकलेला, कारण इसराजला भोपळा नसतो, लाकूड कोरून पोट करतात आणि तोंडावर चामडं चिकटवतात, त्या चामड्यावरच तारा पेलणारी घोडी उभी असते. उन्हाने चामडं ताणलं, सरस सुटला की संपलं. पाचव्या दिवशी मी म्हटलं माल देऊ नका पण बघू तरी द्या. खोकं शटरच्या तोंडाशी उभं, सरळ ऊन, वर कुणाचा तरी पाण्याचा पंप ठेवलेला. हात लावला तर चटका बसला. मला तिथेच रडू आलं. काउंटरवाला मोबाईलमध्ये. एक वयस्कर हमाल मामा होते, त्यांनी काही न विचारता पंप उतरवला, खोकं आतल्या भिंतीला आडवं करून ठेवलं आणि वर गोणपाट टाकलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

सुटलं कसं तर आठव्या रात्री कारागीर दादांकडून साध्या कागदावर लिहून घेतलं की हा हाताने बनवलेला इसराज आहे, फर्निचर नाही, किंमत एवढी, खाली सही आणि वाद्याचा फोटो. सकाळी तो कागद एकाच मेलमध्ये दोन्ही ब्रँच आणि पुणे ऑफिसला टाकला, विषयात फक्त बिल्टी नंबर. दोन तासांत करेक्शन! दोन तासांचं काम, आणि हे पहिल्या दिवशी एकानेही सांगितलं नाही. वर नऊ दिवसांचं डॅमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचे पैसे, माझ्याकडून घेतलं, पाचशे चाळीस रुपये. पावती जपून ठेवलीये.

म्हणून बुकिंगच्या वेळीच बिल्टीचा फोटो मागवा आणि त्यावर 'हॅन्डमेड म्युझिकल इन्स्ट्रुमेंट' लिहिलंय का बघा.

घरी उघडला तर दांडी सरळ, खुंट्या शाबूत, कारण तारा ढिल्या करून, घोडी काढून पाठवा असं मी आधीच सांगितलं होतं (ह्यांना तेव्हा मी फार चिकित्सा करतेय वाटलं होतं). चामड्याची कड मात्र दोन बोटं सुटलेली. तबला दुरुस्त करणाऱ्या काकांनी "हे काय वाद्य ताई?" म्हणत म्हणत सरसाने बसवून दिली, चार दिवस हात लावू नका म्हणाले. विकत घेताना दांडी टोकाकडून एक डोळा मिटून बघायची, बाक लगेच कळतो, व्हिडिओ कॉलवरही दाखवायला लावा. आणि एक सूर वाजवून गज उचलायला सांगा, तरफा मागे गुंजत राहिल्या पाहिजेत. बाजाची, म्हणजे मुख्य तार मध्यमात (म स्वरात) लावतात, हार्मोनियमवाल्यांना पहिले काही दिवस चुकल्यासारखं होतं, ते तसंच असतं.

पाचव्या दिवशी गज ओढला आणि आवाजच नाही! नुसता सरसर. अर्धा तास मी समजत होते की गोडाऊनच्या उन्हाने वाद्य गेलं. कारागीर दादांना फोन केला तर पहिला प्रश्न, राळ घासली का? नव्या गजाच्या केसांना राळ लावल्याशिवाय तार बोलत नाही. पिशवीच्या तळाशी राळेचा खडा होता, पंधरा-वीस वेळा घासला आणि मग षड्ज लागला. शेजारचा मुलगा अभ्यास सोडून दारात आला, काकू काय वाजवताय म्हणून.