मीटर सगळे बरोबर, पण मास्टला करंटच कमी

रेडिओच्या मिडियम वेव्ह ट्रान्समीटरवर नोकरी केली की एक गोष्ट कळते, मास्ट, म्हणजे अँटेनाचा उंच मनोरा, सगळ्यांना दिसतो पण अर्धा अँटेना जमिनीखाली असतो. मास्टच्या बुंध्यापासून चहूबाजूंना दर ३ अंशांवर एक अशा १२० तांब्याच्या तारा वीतभर खोल पुरलेल्या, प्रत्येक जवळजवळ मास्टच्या उंचीइतकी लांब. हा १२० चा आकडा अमेरिकेत आरसीए या रेडिओ कंपनीच्या ब्राउन, लुईस आणि एपस्टाइन यांनी १९३७ साली मोजमापं छापली तेव्हापासून चालत आलाय.

आमचा ट्रान्समीटर १० किलोवॅटचा. एप्रिल महिना, काळी जमीन भेगाळलेली. आदल्या रात्री रिफ्लेक्टेड पॉवर, म्हणजे अँटेनाकडून ट्रान्समीटरकडे परत येणारी पॉवर, वाढली म्हणून शिफ्टवाल्याने एटीयूमधल्या (मास्टच्या पायथ्याशी ट्रान्समीटर आणि अँटेना जुळवणारं युनिट) कॉइलचा टॅप सरकवून ती परत शून्यावर आणली आणि लॉगबुकात 'नॉर्मल' लिहून मोकळा झाला. सकाळी मीटर बघाल तर १० किलोवॅट पूर्ण, रिफ्लेक्टेड काही नाही, तक्रारीला जागाच नाही. पण मी सवयीने कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी, नुसता कॅरिअर, म्हणजे आवाजाशिवायची लहर, असताना, एटीयूच्या खोलीत जाऊन बेस करंट, म्हणजे मास्टच्या बुंध्यात जाणारा करंट, बघतो (मॉड्युलेशन, म्हणजे लहरीवर आवाज, आलं की काटा नाचतो, मग वाचून उपयोग नाही), तर नेहमीच्या १६ अँपिअरच्या जागी साडेचौदाच्या खालीच.

आमचा टेक्निशियन म्हणाला, "सर, उन्हाळा आहे, जमीन सुकली की होतंच की." होतं, पण इतकं नाही. करंटचा वर्ग करून त्याने १० हजार वॅटला भागा, रेझिस्टन्स ३९ ओहमचा ४८ झालेला. मास्ट पाव तरंगलांबीचा, म्हणजे त्याचे स्वतःचे ३६ ओहम काही बदलत नाहीत, वरचे सगळे जमिनीचे. थोडक्यात आधी सव्वानऊ किलोवॅट हवेत जायचे, आता साडेसात, बाकीचे अडीच माती तापवतायत. मॅचिंगला त्याचं काय, ते नीट जुळवलं की पॉवर कुठे गेली हे ट्रान्समीटर विचारत नाही, डमी लोडलासुद्धा (चाचणीसाठी अँटेनाऐवजी जोडायचा, पॉवर नुसती उष्णतेत घालवणारा रेझिस्टन्स) रिफ्लेक्टेड शून्यच असते.

दुपारच्या प्रसारणाची सभा संपल्यावर ट्रान्समीटर बंद केला, शॉर्टिंग रॉड लावून मास्ट अर्थ केला. हे न करता कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही, पावसाळ्यात ओलं गवत मास्टला पॉवर नेणाऱ्या फीडच्या नळीला टेकलं की ठिणगी पडते आणि त्या ठिणगीतून चक्क बातम्या ऐकू येतात, तिथे माणसाचा हात लागला तर काय होईल ते सांगायला नको. बुंध्याभोवती तांब्याच्या पट्टीची रिंग आहे, सगळ्या तारा तिला ब्रेझ केलेल्या, म्हणजे धातू वितळवून जोडलेल्या. माती बाजूला केली तर पश्चिमेकडे नुसती टोकं उरलेली. तारेचं अंग हिरवट काळं, आणि कापलेला भाग नव्या नाण्यासारखा लालगुलाबी चकाकत होता. म्हणजे ताजं काम. पुढे शेतात गेलो तर जमिनीत सरळ चिरा पडलेल्या, भेगाळलेल्या मातीतून तारा सुतासारख्या ओढून काढल्या होत्या. जवळपास तिसरा हिस्सा गेला होता!

पंचनाम्याला आलेले हवालदार खाली वाकून बघत म्हणाले, "साहेब, वायर वर टांगायची सोडून जमिनीत कशाला पुरता?" मी मास्टकडे बोट दाखवून समजवायला गेलो, तर ते म्हणाले, "ते राहू द्या, वजन सांगा." वजन लिहिलं, भंगाराच्या भावाने किंमत लिहिली, नुकसान एवढंच.

नवीन तांबं मंजूर होऊन यायला बरेच दिवस गेले, तोवर एकेक ओहम डोळ्यात खुपत होता. तार आली तेव्हा शेजारच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर सांगितला, नांगराच्या फाळामागे तार सोडत गेलो, चर खणायची गरजच नाही. ब्रेझिंग मात्र एकेक करून हाताने. मग कॉइलचा टॅप जुन्या खुणेवर परत नेला, कॅरिअर दिला, काटा १६ च्या किंचित खाली थांबला. आता आमच्याकडे बेस करंट लॉगबुकात वेगळ्या रकान्यात लिहितात, आणि तो रकाना रिकामा दिसला की मी शिफ्टवाल्याला परत एटीयूपर्यंत चालवतो, उन्हात.