स्टेक जाळीवरून उतरवल्यानंतरची दहा मिनिटं

आमच्याकडे ऑस्टिनला मराठी मंडळी बार्बेक्यूला जमली की कोळसा बरा का गॅस बरा, मसाला कुठला, यावर तासभर चर्चा रंगते, पण स्टेक जाळीवरून उतरवल्यावर त्याचं काय करायचं यावर कोणी बोलतच नाही. खरं तर अर्धं काम तिथेच असतं.

मुळात उतरवायचाच लवकर. दीड इंच जाडीचा रिबआय (बरगडीजवळचा चरबीदार स्टेक) मीडियम रेअर, म्हणजे आतून गुलाबी हवा असेल तर मध्यभागी १३० ते १३५ डिग्री फॅरनहाइट पाहिजे, पण मी १२५ लाच काढतो, कारण बाहेरचा थर आतल्यापेक्षा कितीतरी गरम असतो आणि ती उष्णता नंतरही आत सरकत राहते, त्यामुळे मधला आकडा ५ ते १० डिग्री आपोआप चढतो. भाताखालचा गॅस बंद करून वाफ जिरू देतो ना, तसंच हे. थर्मामीटर खुपसून ठेवला तर दिसतंच, १२५, १२७, १३०, मग आकडा जरा रेंगाळतो आणि उतरायला लागतो. तेव्हा सुरी घ्या. (इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याचा, यूएसडीएचा सल्ला १४५ डिग्री आणि वर तीन मिनिटं विसावा असा आहे. पंगतीत लहान मुलं, गरोदर बाई किंवा वयस्कर कोणी असेल तर मी तोच पाळतो.)

आणि रसाचं म्हणाल तर गरम मांसाचे धागे आकसलेले असतात, आतला रस पातळ असतो, लगेच कापलं की बोर्डवर लाल तळं होतं. थोडं निवलं की विरघळलेल्या प्रोटीन आणि जिलेटीनमुळे तोच रस दाटसर होतो आणि बराचसा आतच राहतो. ते लाल पाणी म्हणजे रक्त नाही हो, त्यात मायोग्लोबिन नावाचं प्रोटीन असतं त्याचा तो रंग! आणि मोठ्या आचेवर भाजलं की रस आत कोंडला जातो हेही खरं नाही, १९व्या शतकात लीबिग नावाच्या जर्मन केमिस्टमुळे हा समज पसरला आणि अजून टिकून आहे. वरचा खरपूस थर चवीसाठी असतो, आणि चवीसाठी तो हवाच.

म्हणूनच स्टेक ताटात ठेवू नका. ताटात खालची बाजू स्वतःच्या वाफेत भिजते आणि मेहनतीनं आणलेला खरपूसपणा मऊ पडतो. खाली ट्रे, वर तारेचा रॅक, त्यावर स्टेक, पाच ते दहा मिनिटं. फॉइलमध्ये घट्ट गुंडाळायचं तर अजिबात नाही, बाहेर गार वारा असेल तर वरून नुसतं सैल झाकायचं. अर्ध्या इंचाच्या पातळ स्कर्ट स्टेकला एवढं सगळं लागत नाही, दोन मिनिटं पुरतात.

मला सगळ्यात आवडतो तो शेवटचा हात. विसावलेला स्टेक सगळ्यात धगधगत्या निखाऱ्यांवर परत टाकायचा, प्रत्येक बाजूला फार तर अर्धा मिनिट, चर्र आवाज होतो, कडेची चरबी फुलते आणि वरचा थर पुन्हा कडक होतो. हे करायचं असेल तर आधी अजून दोन-तीन डिग्री लवकर उतरवा. मग लोण्यात ठेचलेला लसूण, बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि कोथिंबीर कालवून त्याचा गोळा वर ठेवायचा, ट्रेमध्ये साठलेला रस फेकायचा नाही, तो याच लोण्यात ओतायचा. धागे कुठल्या दिशेला जातात ते बघून त्यांना आडवं कापायचं आणि जाडं मीठ कापल्यावर भुरभुरायचं, म्हणजे आतल्या भागालाही चव लागते.

वेल डन, म्हणजे आतपर्यंत पूर्ण शिजलेला स्टेक मागणारे आमच्यात पुष्कळ आहेत आणि त्यांच्याशी वाद घालण्यात काही अर्थ नाही. त्यांना सरलॉइनऐवजी (त्यात चरबी कमी असते) रिबआय द्या, आतल्या चरबीमुळे तो १६० ला गेला तरी तितका कोरडा लागत नाही, आणि त्यांच्या स्टेकलाही विसावा द्याच.